शाळेच्या भिंतीशी मुक्कामाला येणाऱ्या गाड्या

वणीच्या अलीकडच्या एका गावात चतुराबाई बावीस वर्षं ग्रामपंचायतीची झाडलोट करत आल्या. माणसाच्या घाणीची आपल्याला शिसारी येत नाही, असं त्या पूर्वी म्हणायच्या. मग देवीच्या गडावर दर्शनाला जाणाऱ्या गाड्या गावातच मुक्कामाला थांबू लागल्या. लोक गाडीत झोपायचे आणि उजाडायच्या आत निघून जायचे. मागे शाळेच्या भिंतीशी वाळलेला रस्सा, पोरांचे डायपर आणि लघवी भरून बूच लावलेल्या पाण्याच्या बाटल्या. अशी एक बाटली हातात फुटली, तेव्हा चतुराबाईंनी दोन दिवस त्या हातानं भाकरी थापली नाही.

त्यांनीच ग्रामसभेत उभं राहून विषय काढला. ठराव झाला, फलक लागला: रात्री रस्त्यावर वाहन लावू नये, वाहनात झोपू नये.

पहिल्याच शुक्रवारी सकाळी त्या झाडू घेऊन आल्या, तर उपसरपंच एका जुन्या पिकअपपुढे उभे. गाडी पेठकडच्या केरूची. तो, बायको साळूबाई आणि आणखी चौघं द्राक्षतोडणीला आले होते. बागवाल्यानं राहायला जागा दिली नव्हती, म्हणून सगळे गाडीतच निजायचे. साळूबाईनं भोवतालची जागा झाडून वर पाणी शिंपडलं होतं.

"गाडी काढ. फलक दिसत नाही का?" उपसरपंच केरूला म्हणाले.

दहा पावलांवर नाशिकची मोठी पांढरी गाडी उभी होती. काचा बंद, एसी चालू, आत माणसं घोरत पडलेली. खाली कोंबडीची हाडं, खरकट्या पत्रावळी आणि तसलीच एक बाटली.

"आन् ही गाडी?" चतुराबाईंनी विचारलं.

"ते आपले पाहुणे आहेत. तुम्ही तुमचं काम करा."

बाटली फुटली तेव्हा आली नव्हती एवढी किळस चतुराबाईंना त्या तोंडाकडे बघून आली. पण त्यांनी काम केलं. हाडं, पत्रावळी, बाटली सगळं सुपलीत भरलं आणि पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर नीट मांडून ठेवलं.

काच खाली झाली. "मावशी, हे काय चाललंय?"

"तुमचंच हाय. खाली राह्यलं व्हतं."

मग त्या केरूकडे वळल्या. "माझ्या अंगणात लाव गाडी. तिथं कोणाचा ठराव चालत नाय."

पिकअप हंगाम संपेपर्यंत त्यांच्या अंगणात राहिली. चतुराबाईंना नोटीस आली, आणि शाळेकडचा रस्ता झाडायचं काम त्यांच्याकडून काढून दुसऱ्या झाडूवाल्या पुतळाबाईंकडे दिलं. फलक अजून आहे. त्याच्याच खाली पाहुण्यांच्या गाड्या लागतात.

पुढं उपसरपंच समजूत घालायला घरी आले. "उगं वाढवू नका, बाई," म्हणाले. चतुराबाईंनी रीतीनं चहा दिला. ते गेल्यावर त्यांनी तो कप राखेनं तीनदा घासला, आणि तरीही घरात न नेता बाहेरच्या ओट्याखाली पालथा घातला.