एकाच घरातली दोन मतं

कॉलेजातल्या त्या विषयाचं नाव निघालं तरी अजून माझं डोकं फिरतं. चिकित्सक विचार आणि निबंधलेखन. पहिल्याच तासाला सरांनी चिकित्सक विचाराची वैशिष्ट्यं सांगायला घेतली. पहिलं वैशिष्ट्य, कुणी सांगितलेलं जसंच्या तसं मानू नये. "लिहून घ्या, परीक्षेत शब्द बदललेला चालणार नाही," असंही वर म्हणाले. एवढ्या मोठ्या वर्गात कुणाला हसू आलं नाही. सगळ्यांची पेनं चालू होती, माझंसुद्धा.

मग निबंधाचा विषय आला, 'खाण व्यवसाय : शाप की वरदान'. मी सुर्ल्याची, गोव्यातल्या खाणपट्ट्यातली. बाबा खनिजाचा ट्रक चालवायचे. खाण बंद पडली तेव्हा आईने धुळीपायी कायम बंद असलेली घरातली सगळी जनेलं, म्हणजे खिडक्या हो, सताड उघडली. बाबा ओसरीवरून ओरडले, "जनेलां उगडून पोट भरता?" आई म्हणाली, "पूण खोकली तरी रावतली!" खोकला तरी थांबेल, असं तिचं म्हणणं. दोघंही खरंच बोलत होती. मी तेच लिहिलं. एकाच घरात, एकाच दिवशी एक माणूस सुखावला आणि दुसरा मोडून पडला. मग शाप कुणाला आणि वरदान कुणाला, हे आधी नको का विचारायला? हे लिहिताना आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की आपण खरोखर विचार करतोय.

निबंध परत आला. वर लाल पेनाने 'बाजू स्पष्ट नाही'. विचारायला गेले तर सर म्हणाले, "आईबाबा हे काय संदर्भ झाले? झेरॉक्सवाल्याकडे नोट्स ठेवल्यात. त्यातली एक बाजू घे आणि सोमवारी नवा निबंध दे. नाहीतर अंतर्गत गुण मिळणार नाहीत, पेपरला बसता येणार नाही."

मी म्हापशाच्या बसस्टँडवर बसून त्या नोट्स वाचल्या. वरदानाखाली 'स्थानिकांना रोजगार', शापाखाली 'धुळीचे प्रदूषण'. माझे बाबा आणि माझी आई, दोन-दोन शब्दांत गुंडाळून टाकलेली! तळपायाची आग मस्तकात गेली. बाकी वर्गाने तेच उतरवून दिलं आणि भरपूर गुण घेतले.

सोमवारी मी जुनाच निबंध सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो पुन्हा वाचला, या वेळी शेवटपर्यंत. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं, तरी आवाज खाली आणून म्हणाले, "तू लिहिलंयस ते बरोबर आहे गं. पण असलं पेपरात लिहायचं नसतं."

म्हणजे त्यांना कळलं होतं! इतके दिवस मी समजत होते, की या माणसाला माझा मुद्दाच कळलेला नाही. तसं असतं तर मी सोडूनही दिलं असतं.

"मग कुठे लिहायचं, सर?" मी विचारलं.

त्यांनी गुणांच्या जागी आडवी रेघ ओढली आणि निबंध माझ्याकडे सरकवला.