ओटी भरलेली मोटारसायकल

आमच्या घरी नारळ फोडत नाहीत. बौद्धाचं घर, फुलं, मेणबत्ती, त्रिसरण-पंचशील, झालं. पण मोताळ्याच्या शोरूममध्ये दसऱ्याच्या एका दिवसात मी चाळीस नारळ फोडलेत आणि चाळीस टाक्यांवर कुंकवाचं स्वस्तिक काढलंय. पहिल्या नारळाला मला चार घाव लागले. गिऱ्हाईक म्हणालं, "पोरी, फोडून राह्यली का समजावून राह्यली त्याले?" हे घरी सांगितलं तर आई पोट धरून हसली होती.

ज्या कंपनीच्या गाड्या आम्ही विकतो तिचा कारखाना मी अजून पाहिलेला नाही. पण कंपनी वाढताना मात्र पाहिली. बाबा एसटीत कंडक्टर होते. ते सांगतात, त्यांच्या तरुणपणी स्कूटरसाठी नंबर लावायचा आणि विसरून जायचं. आमच्या घरी आली ती एका मास्तरांची जुनी. सुरू करायच्या आधी ती एका अंगावर आडवी करावी लागे, मग पेट्रोल उतरे, मग बाबा किका मारत. मी शाळेचं दप्तर घेऊन बाजूला उभी. दहा किका झाल्या की बाबा म्हणायचे, "जाय, तू चालतच जाय."

पुढे त्याच कंपनीच्या मोटारसायकली आल्या आणि गल्लीतला आवाज बदलला. मोताळ्यात आमच्या मालकांनी पत्र्याच्या शेडमध्ये दोन गाड्या उभ्या करून दुकान थाटलं. वर्षभरात चार झाल्या, मग शेजारचं गोडाऊन घेतलं, मग काचेची भिंत आली. ज्या माणसाला आम्ही जन्मभर सायकलीवर दुधाचे कॅन नेताना पाहिलं, तो एक दिवस मोटारसायकलीवर कॅन लटकवून गेला. कंपनीचे साहेब वर्षातून एकदा येतात, लॅपटॉपवर वर चढत जाणारी रेघ दाखवतात आणि म्हणतात, ही आपली ग्रोथ. मी मान हलवते. मला त्या रेघेत कॅनवाला दिसतो, साहेबांना दिसत नसावा.

मी नोकरीला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. बी.कॉम. झालेली, तोंडाने फटकळ, आणि स्वतःला फार हुशार समजणारी. बाबा म्हणाले होते, "एक दिवाळी करून पाय. नाही जमलं तर लग्नाचं पाहू." मला लग्नाचं पाहायचं नव्हतं. मला ती नोकरी हवी होती. गाड्यांच्या नव्या रबराचा वास, किल्ल्यांचा खुळखुळाट, घरात पहिली गाडी नेणाऱ्या माणसाचा चेहरा, हे सगळं मला मनापासून आवडायला लागलं होतं.

माझं काम गाडी ताब्यात देण्याचं. प्रत्येक गाडीच्या मानेवर, हँडलच्या खाली, एक नंबर कोरलेला असतो, चेसी नंबर. त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात, तो कागद फॉर्मला चिकटवायचा. मग हँडलला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी बांधायची, की गाडी त्याची झाली. त्यानंतर हार, कुंकू, चाकाखाली लिंबू, नारळ, पेढा, फोटो.

त्या पहिल्या दसऱ्याला सोयाबीन बरं झालं होतं. सकाळपासून रीघ. त्याच दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, म्हणून आमची माणसंही पांढऱ्या कपड्यांत गाड्या न्यायला आलेली. मी दोन्हीकडे धावत होते. कुंकवाच्या ओल्या हातांनी मी चिठ्ठ्या सारख्या करत होते आणि चिठ्ठ्यांवर स्केचपेनची शाई होती. दोन सारख्या काळ्या मोटारसायकलींवरची नावं पार पुसून गेली. मी घाबरले नाही. डावीकडची काकांची, उजवीकडची सिस्टरची, हे मला पाठ होतं. नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, बांधल्या. मधल्या वेळात फोटोवाल्याने उजेडासाठी त्या दोन गाड्यांच्या जागा बदलल्या होत्या, हे मला कोणी सांगितलं नाही. नंबर तपासायला अर्धं मिनिट लागलं असतं. हुशारांना तेवढा वेळ नसतो.

काका म्हणजे बारा किलोमीटरवरच्या गावचे शेतकरी, घरात दोन म्हशी, दूध घालणारे. सिस्टर म्हणजे आमच्याच समाजाच्या, उपकेंद्रावर नर्स. स्कूटरऐवजी मोटारसायकल का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "स्कूटीचं चाक लहान. गाऱ्यात फसलं की लेकरू मायच्या पोटातून बाहेर येते, मी पोचत नाही." दोघांनी पेढा खाल्ला, फोटो काढला आणि एकमेकांच्या गाड्या घेऊन गेले.

आठ दिवसांनी नंबर प्लेट तयार होऊन आल्या. आधी सिस्टर आल्या. प्लेट बसवणाऱ्याने गाडीच्या मानेवरचा नंबर वाचला, हातातला कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. कागद आरटीओकडे गेलेले, विमा उतरलेला. ते बदलायचे तर महिनोन्‌महिने खेटे घालावे लागणार. गाड्या बदलणं हाच एक रस्ता होता.

मालक ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, "तू केलं, तूच निस्तर. सोमवारपर्यंत दोन्ही प्लेटा लागल्या पाह्यजे. नाही लागल्या तर सोमवारपासून येऊ नको."

सिस्टर समजूतदार. "मले काय, काळी ते काळीच. पण मी हिच्यावर निळं अशोकचक्र चिकटवलं हो," एवढंच म्हणाल्या. काकांच्या गावी मी शोरूमची स्कूटर घेऊन निघाले. वाटेत दहा वेळा वाक्य जुळवलं. अंगणात गाडी तुळशीजवळ उभी होती. टाकीवर माझं स्वस्तिक होतंच, शिवाय काकूंनी दोन्ही बाजूंना हळदीचे हात उमटवले होते. काका आठ दिवसांत फक्त देवळापर्यंत जाऊन आले होते.

मी सगळं सांगितलं. काकू कमरेला पदर खोचून पुढे आल्या.

"पूजा झाली हिची. दारातून आत घेतली, पाय धुतले, ओवाळली. पूजा केलेली लक्ष्मी कोणी वापस करते का?"

"काकू, नंबर दुसऱ्याचा हाये."

"नंबर तुमचा. लक्ष्मी आमची."

कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवलेलं नव्हतं. मग मी पर्समधून कागद-पेन्सिल काढली, काकूंना गाडीच्या मानेजवळ नेलं आणि त्यांच्याच हातात पेन्सिल दिली. त्यांनी घासली. आकडे उमटले. मी फॉर्मवरचा कागद शेजारी धरला. अक्षरओळख नसली तरी दोन ओळी वेगळ्या आहेत हे कोणालाही दिसलं असतं.

"कारखान्यात जन्मली तेव्हाच हे कोरलं हिच्यावर," मी म्हणाले. "तुमची तिकडे हाये. हे त्यांची."

काकूंनी दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. "म्हंजे पोरगी दुसऱ्याची अन् न्हाऊ आम्ही घातलं?"

"हाव."

काका पहिल्यांदा बोलले. "पण हे देवळापर्यंतच गेलती बाप्पा. त्याहीनं माही आठ दिवस गाऱ्यात फिरवली असंन!" ही गोष्ट खरीच होती.

"कोण लोकं हायेत ते?" काकूंनी विचारलं.

"सिस्टर हायेत. उपकेंद्रावर. गाडीवर त्याहीनं निळं अशोकचक्र लावलं."

काकूंनी काकांकडे पाहिलं. मला त्या पाहण्याचा अर्थ लहानपणापासून माहीत आहे. मी लगेच म्हणून टाकलं, "मीबी तिकडचीच हाये, काकू." का म्हणाले, ठाऊक नाही. राग आला होता थोडा, आणि भीतीही वाटत होती. नोकरी तर जाणारच, मग निदान खरं सांगून जावी. काकू आत निघून गेल्या. मी स्कूटरची किल्ली काढली. मला वाटलं, संपलं.

त्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "रईवारी आन त्याहीले. पण अशी नाही देणार मी. पूजा झालेली पोरगी रिकाम्या ओटीनं घराबाहेर काढत नसते. जेवून जातीन म्हणा. भाकर खातेत ना?"

"माणसं भाकर खातेतच, काकू," मी म्हणाले. फटकळपणा अशा वेळीही सुटत नाही.

सिस्टरांना निरोप सांगितला तर त्यांनी दोनदा विचारलं, "जेवाले? आपल्याले? घरात?" शनिवारी त्यांनी गाडी दोनदा धुतली, चाकाच्या तारांमधला चिखल जुन्या टूथब्रशने काढला. चक्र काढायला गेल्या तर ते पुरतं निघेना, अर्धं फाटायला लागलं, म्हणून हात आवरला. रविवारी त्या, त्यांचे मिस्टर आणि मी, तिघं गेलो. मिस्टर वाटभर घसा खाकरत होते.

काकूंनी भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा आणि वर खीर केली होती. ओसरीवर एकाच ओळीत ताटं मांडली होती आणि काका आमच्याच ओळीत बसले. शेजारची दोन माणसं कुंपणावरून डोकावून गेली. काकांचे कान लाल झाले, पण ते उठले नाहीत. सिस्टरांनी काकूंचं ब्लडप्रेशर तपासलं, मीठ कमी करायला सांगितलं, आणि मग दोघी बायकांचं असं जमलं की आम्ही बाकीचे नुसते बसून होतो.

जेवणं झाल्यावर काकूंनी ताट आणलं. गाडीच्या सीटवर खण ठेवला, तांदूळ वाहिले, हँडलला शेंडीचा नारळ बांधला. टाकीवर हात ठेवून हळूच काहीतरी बोलल्या. डोळ्यांना पदर लावला. मोटारसायकलीची ओटी भरलेली मी आजवर दुसऱ्यांदा पाहिली नाही. सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या, "आपण हे मानत नाही." मग म्हणाल्या, "पण राहू दे. मायेनं करून राह्यल्या." त्यांनी हळदीचे हात पुढे किती दिवस पुसले नाहीत, ते मी पाहिलं आहे.

आणि काकूंच्या अंगणात निळ्या चक्राची गाडी उभी राहिली. काकांनी सीटवर हात फिरवला, किलोमीटरचा आकडा वाचला, मोठा उसासा टाकला, आणि दुसऱ्याच दिवशी दुधाचे कॅन लटकवले. सोमवारी दोन्ही प्लेटा बसल्या. मालक म्हणाले, "चाय घे." माझी नोकरी राहिली. त्या दिवसापासून नंबर तपासल्याशिवाय मी चिठ्ठीला हात लावत नाही.

पहिल्या सर्व्हिसिंगला काका आले तेव्हा ओळखीच्या एकाने विचारलं, "काऊन हो, हे निळं काऊन लावलं गाडीले?" काका इकडेतिकडे बघत म्हणाले, "मी कायले लावतो? कंपनीकडूनच आलं तसं." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. पण दोष द्यावा असं वाटलं नाही. जेवायला ते ओळीत बसले होते. चारचौघांत बोलायला माणसाला जास्त दिवस लागतात.

या गोष्टीला आता सहा-सात वर्षं झाली. नोकरी मी सोडली नाही, लग्नही झालं, दोन्ही चालू आहे. हल्ली डिलिव्हरीचं सगळं मीच बघते. कंपनी आता बिनआवाजाच्या विजेच्या स्कूटर बनवते. त्यांना ना किक, ना पेट्रोल. बाबांना एकीवर बसवून फिरवून आणलं तर म्हणाले, "सुरू हाये का बंद?"

यंदाच्या दसऱ्याला काका-काकू लेकीसाठी तसलीच स्कूटर न्यायला आले. लेक शेतकी कॉलेजात शिकते. आले त्याच मोटारसायकलीवर. काकूंनी आल्या आल्या माझा हात धरून नव्या गाडीजवळ नेलं. "आधी नंबर पाहू दे मले." मी कागद दिला. आकडा आकड्याशी लावत त्यांनी बोट फिरवलं. "आपलीच हाये. फोड आता नारळ." एका घावात फुटला. माझा हात आता बसलाय.

बाहेर रांगेतला एक माणूस काकांच्या जुन्या गाडीकडे बघत होता. टाकीचा रंग उडालेला, सीटला दोरी गुंडाळलेली, कॅनच्या कड्यांनी दोन्ही बाजूंना पोचे पडलेले. निळं अशोकचक्र तेवढं नवं कोरं होतं. त्याने विचारलंच, "काका, हे काऊन लावलं हो?"

माझं लक्ष तिकडे गेलं. काका या वेळी इकडेतिकडे बघत बसले नाहीत.

"जुनं उनानं उडालं," ते चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले. "म्हून सिस्टरकडून नवं आणलं. आमची लेक त्याह्यच्या घरी गेली, त्याह्यची आमच्या घरी आली. माहेरून घालून आलेलं कोणी काढून टाकते काय?"

पुढचं गिऱ्हाईक समोर उभं होतं, आणि मी पेन्सिल शोधायला म्हणून टेबलाखाली वाकले. पेन्सिल माझ्या कानावरच होती.