डोमेनसाहेब

'मला माहीत नाही' हे वाक्य डोमेनसाहेबांना येतच नव्हतं. शिरूरच्या आमच्या दूध डेअरीत ते संगणक विभागाचे प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखाली. काहीही विचारा, ते आधी डोळे मिटत आणि मग म्हणत, "ते मी पुण्यातच बघितलंय." पुण्यात त्यांनी नेमकं काय बघितलं होतं, हे डेअरीत कुणालाही कधी कळलं नाही.

हे नाव त्यांना एका मशीनमुळं पडलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कुणाला बसू द्यायचं, कुणाचा पासवर्ड काय, हे सगळं ते एकटं मशीन ठरवायचं. त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. साहेबांनी ते काचेच्या खोलीत ठेवलं होतं. आत जाताना आम्ही चपला काढायच्या. साहेब मात्र बुटांसकट. "धूळ माणसागणिक येगळी असती," हे त्यांचं शास्त्र. कारकुनांची नावं लक्षात ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटे. 'खिडकीजवळच्या बाई', 'टक्कलवाले' अशी त्यांची हाक. कुणी पासवर्ड विसरला, तर त्यानं दुधात पाणी घातल्यासारखं त्याच्याकडं बघत.

दोन हजार सालानंतर कधीतरी ते मशीन थकलं आणि नवीन आलं. मी भीत भीत म्हणालो, "साहेब, दोन्ही काही दिवस शेजारी चालू ठेवू. जुन्यातली सगळ्यांची नावं, पासवर्ड, सगळी खाती नव्यात उतरू देत, मग जुनं बंद करू."

"डोमेनचं नाव तेच देणार हाय ना आपण? नाव तेच, गाव तेच. मशीनला काय कळतंय?"

रविवारी त्यांनी नव्या मशीनची पूजा केली, त्याला जुनंच नाव दिलं, आणि जुन्याची डिस्क पुसून ते चेअरमनांच्या नातवाला खेळायला पाठवून दिलं. बॅकअप कधी घेतलेलाच नव्हता.

सोमवारी एकही कॉम्प्युटर आत घेईना. आडनाव एक असलं म्हणून कुणी भाऊबंद होत नाही. नवं मशीन आमच्यातल्या कुणालाच ओळखत नव्हतं. पावत्या निघेनात, म्हणून दुधाचे टँकर गेटवर अडकले. ऊन चढत होतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते, आणि साहेब एसीत बसून घामाघूम.

"व्हायरस हाय," ते म्हणाले.

"व्हायरस हाय का तुम्हीच हाय?" चेअरमनांनी एवढंच विचारलं आणि हातानं पावत्या फाडायला सांगितल्या. टँकर गेले, पण दोन टँकरमधलं दूध तोवर नासलं होतं.

मग एकेक कॉम्प्युटर नव्यानं जोडायचा, एकेकाचं खातं नव्यानं उघडायचं. त्यासाठी साहेबांना प्रत्येक टेबलावर जावं लागलं. खिडकीजवळच्या बाईंना त्यांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

"मंदा. इतकी वर्षं तुमचं नाव मी पगारपत्रकात टाइप करती, साहेब. माझं तुम्हाला ठावं न्हाई व्हय?"

साहेबांनी मान खाली घालून टाइप केलं. तेही 'मंडा' असं. मंदाताईंनी ते दुरुस्त करवून घेतलं, आणि सगळा हॉल हसेपर्यंत त्यांना उठू दिलं नाही. आमच्या दौंडच्या शीतकरण केंद्रावरचे कॉम्प्युटर जोडायला आम्ही एसटीनं गेलो, तेव्हा साहेब वाटेत एक शब्द बोलले नाहीत. तसा सुखाचा प्रवास मी पुन्हा केला नाही.

चेअरमनांनी लवकरच त्यांना नारळ दिला. निरोपसमारंभ झाला नाही. ही हकिकत मी पुढं शिरूरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर तिखटमीठ लावून सांगितली.

काही वर्षांनी दौंडला स्टेशनकडं जाताना त्यांनीच मला हाक मारली. कॉम्प्युटर क्लास काढला होता. माणूस वाळला होता, आवाज तसाच. मला 'आमच्या हाताखालचा' म्हणून खुर्चीत बसवून ते मुलांना सांगू लागले, "नव्याला सगळं उतरवून दिल्याबिगर जुनं बंद करायचं न्हाई. हे मी स्वतः शोधून काढलंय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात एका मुलीनं मला विचारलं, "सर, तुम्ही ह्यांच्याबरुबर होता ना? ह्यांचं कधी काय चुकलं का ओ?"

सगळी हकिकत जिभेवर होती. साहेब हातातल्या खडूकडं बघत उभे होते.

"माझ्या देखत तरी कधी नाही," मी म्हणालो.

ती आमची शेवटची भेट. मला सोडायला ते दारापर्यंत आले. म्हणाले, "खोटं बरं बोलतोस की. कुणाकडं शिकलास?"

"तुमच्याकडंच, साहेब."

"व्हय," ते म्हणाले, "शिकवलं त्यातलं तेवढं एकच धड आलं तुला."