सरकली की पसरली

पृथ्वीला शेपूट असते हे मी बाबांना पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ते भुईगावच्या आमच्या वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होते. "तुला कोनी दाखवली?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

मी तेव्हा मुंबईतल्या एका संस्थेत संशोधन करत होते आणि लग्न होऊन भुईगावपासून रिक्षाच्या अंतरावर, उमेळ्याच्या एका नव्या इमारतीत राहत होते. सूर्याकडून सतत वाहणारा कणांचा वारा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र रात्रीच्या बाजूला लांबच लांब ओढून नेतो, ती ही शेपटी. तिच्यात चुंबकीय क्षेत्राच्या गुंडाळ्या आणि लाटा तयार होतात, धावतात, रुंदावतात. त्या सरकतात की पसरतात एवढंच मला शोधायचं होतं. ऐकायला सोपं आहे. पण तिथे एकटाच उपग्रह असेल तर त्याला फक्त काहीतरी आलंय एवढं कळतं. ते पुढे निघून चाललंय की वाढत वाढत आपल्याला गिळतंय, हे एका जागेवरून सांगता येत नाही. त्यासाठी थोड्या थोड्या अंतरावर आणखी उपग्रह हवेत. दुसऱ्याकडे ते पोचलं तेव्हा पहिला त्यातून सुटला असेल, तर ते सरकलं. पहिला अजून आतच असेल, तर पसरलं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं लोडशेडिंगची होती. बाबांना जुना दमा. श्वास अडला की वाफेच्या मशीनवर औषध घ्यावं लागे, आणि मशीनला लाइट लागे. लाइट गेली की आईला धडकी भरायची. पाळीपाळीने जाणारी लाइट असेल तर थोडं थांबलं की येणार. मोठा बिघाड असेल तर बाबांना रिक्षात घालून लाइट असेल तिथे नेलंच पाहिजे. उगाच हलवलं, तर खड्ड्यांनी दम आणखी वाढायचा. वायरमन तर फोनच उचलत नसे.

शेवटी मी फर्मान काढलं. स्वभावच तसा आहे माझा, कुणाची चिंता वाटली की मी हुकूम सोडते. धाकट्या बहिणीचं सासर आमच्या मधल्या वाटेवरच्या होळी गावात. भुईगावची लाइट गेली की आईने आधी तिला फोन करायचा, मग मला. घरचे साधे फोन अंधारातही चालत. होळीची गेली आणि तोवर भुईगावची आली, तर अंधार सरकतोय, घरीच थांबा. होळीची गेली तरी भुईगावची नाहीच, तर पसरतोय, तडक माझ्याकडे निघा.

नवरा पोट धरून हसला. बाबांना मात्र खेळच मिळाला. मी फोन उचलला की पलीकडून घरघरता आवाज यायचा, "उपग्रह एक बोलतोय. अंधारात हाय." मागून आई ओरडायची, "बोलू नका, दम लागंल!" आणि रिसीव्हर ओढून घ्यायची. "बाय, तुज्याकडं हाय ना लाइट?" हो म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडे. "मग झालं."

एका संध्याकाळी फोनवर बाबांचा आवाज आलाच नाही. आई एकदम म्हणाली, "होळीची पन गेली. आमची अजून नाय." मी ओरडलेच, "निघा!" ते दोघे रिक्षातून उतरले तेव्हा बाबांचे ओठ निळसर झाले होते. स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या प्लगला मशीन लावलं, मास्क बसवला, आणि आम्ही दोघी त्यांच्या छातीकडे बघत बसलो. हळूहळू श्वासाची शिट्टी कमी झाली. त्यांनी मास्क बाजूला केला. "सरकली का पसरली?"

"पसरली," मी म्हटलं.

"मग तुजी शेपूट खरी."

मी हसले, आणि मग ओट्याला टेकून रडले. मला ते इतके हवे होते.

पुढच्या थंडीत बाबा गेले. एका सकाळी, घरात लाइट असताना.

मशीन आईने पुसून कपाटात ठेवलं. दिवसकार्य आटोपून आम्ही बहिणी आपापल्या घरी परतलो, त्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळी फोन वाजला. "बाय, आमची गेली. होळीची पन. तुज्याकडं हाय ना?"

"आहे."

"मग झालं," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मला तिचा भयंकर राग आला. काय झालं? ती तिथे एकटी, अंधारात, आणि माझ्याकडे लाइट आहे म्हणून झालं? त्याच रागात मी चप्पल घातली, रिक्षा केली आणि भुईगावच्या अरुंद गल्लीपाशी उतरून चालत वाडीत पोचले. आई पायरीवर बसली होती. मी तिच्याशेजारी टेकते न टेकते तोच घरात लाइट आली.

"बघ, उगाच आलीस," ती म्हणाली, आणि उठून माझ्यासाठी तांदूळ धुवायला घेतले.