चिंचेच्या टरफलाचा रंग

दादाला मिलमधून घरी बसवलं, त्याच वर्षी मी जुनी पिकअप घेतली. पंच्याण्णव-शहाण्णवचा तो काळ. आम्ही दोघं भाऊ धुळ्याकडचे. सुरतेत लिंबायतला एका चाळीत शेजारी-शेजारी राहायचो. दादा पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर होता. व्यापारी साडीचा वीतभर तुकडा आणून टाकायचा, ‘असाच रंग पाहिजे’ म्हणायचा. दादा तो तुकडा चिमटीत धरून उन्हात नेऊन बघायचा आणि कोणता रंग किती घ्यायचा ते कारागिरांना सांगायचा. वीस वर्षं त्याने हेच काम केलं. मग मिलमध्ये रंग मोजणारं कॉम्प्युटरचं मशीन आलं. मालक वाईट काही बोलला नाही. “मास्टर, हवे आराम करो,” आता आराम करा, एवढंच गुजरातीत म्हणाला.

आराम कसा करतात हे दादाला माहीत नव्हतं. सकाळी नेहमीच्या वेळेला अंघोळ करून, भांग पाडून तो ओट्यावर बसायचा आणि तिथेच त्याची दुपार व्हायची. वहिनी मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, “भाऊ, हे रागावले असते, ओरडले असते तर बरं होतं. हे बोलतच नाहीत.”

पिकअप मी बारडोलीजवळच्या एका ऊसवाल्या शेतकऱ्याकडून आणली. मला कडोदऱ्याहून कापडाचे तागे बाजारात पोचवायचे होते, आणि इंजिन ठणठणीत होतं. आतून मात्र गाडीकडे बघवत नव्हतं. सगळीकडे उसाच्या रसाचा चिकटा, त्यावर धूळ. मूळचा निळा रंग उन्हाने खाऊन राखेसारखा झालेला. वहिनीने खिडकीतून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

“हाई गाडी नही भाऊ, हाई तं गोठा शे!”

मी म्हटलं, बाजारात चकचकीत लाल सीट कव्हरं मिळतात, ती घालून टाकतो. त्यावर ओट्यावरून दादा उठला. कित्येक दिवसांत तो आपणहून असा उठला नव्हता. त्याने गाडीचं दार उघडलं आणि आतून सगळीकडे हात फिरवला.

“यात किती रंग दिसतात तुला?”

“एकच. निळा.”

“पाच निळे आहेत,” दादा म्हणाला. “दाराचा पत्रा, त्यावरचं रेक्झिन, समोरचं प्लास्टिक, सीटचं कापड आणि वरचं छत. कारखान्यात सगळ्यांना एकच निळा दिला होता. प्रत्येकाने तो आपापल्या परीने सोडला.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “नवीन काही आणू नकोस. गाडी मला दे पंधरा दिवस.”

मला गाडी लगेच धंद्याला लावायची होती. पण त्याचा चेहरा बघून मी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

रंग कोणता द्यायचा, यात दोन दिवस गेले. मला मरून हवा होता. दादाने मला भर दुपारी गाडीत बसवलं आणि समोरच्या प्लास्टिकवर एकेक कापड टाकून बघितलं. “काचेत काय दिसतं?” असं तो दर वेळी विचारायचा. फिकट कापड टाकलं की त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत उमटायचं आणि रस्ता पुसट व्हायचा. काळं टाकलं की थोड्या वेळात हात लावता येईना, इतकं तापायचं. शेवटी तो घरात गेला आणि डब्यातून चिंच घेऊन आला. न सोललेली, टरफलासकट. “हा,” तो म्हणाला. “धूळ लपवेल, डोळ्यावर येणार नाही. आणि चकाकी अजिबात नको.”

वहिनीने सीटची कव्हरं काढून घेतली. आतून कापड जाड सुती निघालं. अंगणात तीन विटा मांडून तिने मोठं पातेलं चढवलं. आधी कापडाचा जुना रंग जमेल तेवढा उतरवला, मग दादाने मिलच्या ओळखीतून आणलेला रंग, मीठ आणि सोडा टाकून ते बुडवलं. दादा काठीने हलवत होता. दर थोड्या वेळाने एक चिंधी बाहेर काढून, पिळून, वाळवून चिंचेशी लावून बघत होता. ओला रंग नेहमी खोटं बोलतो, असं तो म्हणायचा. कापड झाल्यावर वहिनीने ते इतक्या पाण्यांतून काढलं की शेवटचं पाणी नळातून आल्यासारखं निघालं. “कोणाच्या पांढऱ्या लेंग्याला डाग लागला तर तुम्हाला नाही, मला बोलतील,” ती म्हणाली.

वाळल्यावर बघतो तर कापड सुरेख झालं होतं, पण शिवणीचा दोरा तसाच फिकट. दोरा पॉलिस्टरचा होता. त्या रंगाने तो रंगणारच नव्हता. दादाने कपाळावर हात मारला. “वीस वर्षं कापड रंगवलं आणि दोरा विसरलो!”

वहिनीने कव्हर हातात घेऊन लांब धरलं. “राहू द्या तसाच. मुद्दाम गोट लावल्यासारखा दिसतोय.” दादाने बघितलं, पुन्हा बघितलं, आणि दोरा राहिला.

खरी परीक्षा प्लास्टिकची होती. दादाने गॅरेजवाल्याकडून रंग उडवायची बंदूक मागून आणली. काचेवर, मीटरवर गुजराती वर्तमानपत्रं खळीने चिकटवली. पहिला हात फार छान बसला. आम्ही चाळीतले सगळे बघायला जमलो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात तोच रंग उन्हाने भाजलेल्या कातडीसारखा सुटला. मी एक टोक ओढलं तर हातभर पापुद्रा हातात आला.

मला वाटलं, आता हा पुन्हा ओट्यावर जाऊन बसणार. दादाने पापुद्रा माझ्या हातातून घेतला, उलटा केला, नाकाशी नेला.

“खोबरेल तेल,” तो म्हणाला. “चमकावं म्हणून शेतकऱ्याने वर्षानुवर्षं चोळलंय. चूक माझी. धुण्याआधी वास घ्यायला हवा होता.”

पुढचे तीन दिवस तो फक्त धूत होता. सोडा, साबण, दात घासायचा जुना ब्रश. मग पॉलिश पेपर, मग पुन्हा पाणी. गुडघे दुमडून, मान वाकडी करून, त्या एवढ्याशा जागेत पन्नाशीचा माणूस. मी मदत करायला गेलो की म्हणायचा, “तुला घाई आहे. घाई असलेल्याने धुऊ नये.” हे खरं होतं, म्हणून मी मुकाट्याने पाणी आणून द्यायचो. नंतर त्याने रंगाचे तीन पातळ हात दिले, मध्ये एकेक दिवस सोडून. या वेळी रंग बसला आणि राहिला. रेक्झिनसाठी त्याने निराळा, लवचीक रंग शोधून आणला. रेक्झिन वाकतं, त्याच्याबरोबर रंगही वाकला पाहिजे, म्हणाला.

पंधराचे बावीस दिवस झाले. गाडी तयार झाली तेव्हा दादाने मला ती आधी उन्हात दाखवली, मग झाडाखाली, मग गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली. पत्रा, प्लास्टिक, रेक्झिन, कापड, छत. पाच जिनसा, पाच तऱ्हेचे रंग, आणि तिन्ही उजेडांत त्या एकाच चिंचेच्या. मी काही रंगातला जाणकार नाही. पण दार उघडून मी कितीतरी वेळ नुसता बघत उभा राहिलो. नवी गाडी अशी दिसत नाही. नव्या गाडीवर कोणी एवढा विचार केलेला नसतो.

पुढे कडोदऱ्याच्या रस्त्यावरच्या एका सीट कव्हरवाल्याने ती गाडी बघितली आणि दादाला बोलावलं. दादा आधी बिचकला. “मी मिलमधला माणूस, गाड्यांचं काय करू?” असं म्हणत राहिला. वहिनीने त्याचा डबा भरून हातात दिला, तेव्हा गेला. वर्षभरात लोक लांबून जुन्या गाड्या घेऊन त्याच्याकडे यायला लागले.

मग एके दिवशी मिलचा मालक स्वतः चाळीत आला. मशीन रंग जुळल्याचं सांगत होतं, पण व्यापारी कापड दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघायचे, तिथे रंग वेगळाच दिसायचा आणि ते माल परत पाठवायचे. मला वाटलं, दादा त्याला चार शब्द ऐकवेल. मला तरी ऐकवायचे होते. दादाने त्याला खाट झटकून दिली, चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं, “मशीन चांगलं आहे, शेठ. त्याला फक्त ऊन माहीत नाही. मी येईन. पण सकाळचे चार तास. दुपारी माझ्या गाड्या असतात.”

मालकाने मान्य केलं. पुढच्या सोमवारपासून मी तागे आणायला निघालो की दादाला आधी पलसाण्याला सोडायचो आणि मग मागे कडोदऱ्याला यायचो. मिलच्या फाटकावर तो उतरायचा, शर्ट नीट करायचा आणि मागे न बघता आत जायचा.