दुखरी दाढ आणि वर्षाची वर्गणी

दातांच्या दवाखान्याची वर्षाची वर्गणी भरावी काय, आणि भरायची तर कोणत्या दवाखान्याची, एवढाच प्रश्न होता. त्याच्या उत्तरासाठी आमच्या घरमालकांनी जेवढी बुद्धी खर्च केली, तेवढी अख्ख्या वऱ्हाडात कोणी मुलीचे स्थळ पाहतानाही केली नसेल.

ते बडनेऱ्याच्या रेल्वेच्या माल-कचेरीतून निवृत्त झालेले. पोटनियम वाचल्याखेरीज त्यांना कशावरच विश्वास बसत नसे. माठ वाजवून सगळेच घेतात, ते मात्र कुंभाराला विचारीत, "फुटला तं दोष कोनाचा धराचा?" गाडी वाटेत बंद पडल्यास हेच तिकीट पुढच्या गाडीत चालेल काय, असे ते कंडक्टरला विचारीत, आणि त्या चौकशीत गाडी निघून जाई.

एका उन्हाळ्यात काकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, दाढ दुखू लागली. त्याच सुमारास अमरावतीच्या एका दंतवैद्याने आणि अकोल्याच्या दुसऱ्याने अशा वर्गण्या सुरू केल्या होत्या. अमरावतीला सभासदाचे दात साफ करणे आणि काढणे फुकट होते. अकोल्याला किडलेला दात भरून मिळे आणि कवळीही अर्ध्या दरात. मात्र कवळीसाठी वर्षभर थांबावे लागे. पहिली दात काढणाऱ्याच्या सोयीची, दुसरी राखणाऱ्याच्या, असे मी ओसरीवर दोघांचे नियमांचे छापील कागद समोर ठेवून समजावले.

"मंग राखाचीच हाये हिची दाढ," ते तत्काळ म्हणाले. "पन मास्तर, हालता दात चालत नाही म्हन्ते हा कागद. कितीक हालला म्हंजे हालते म्हनावं?"

याचे उत्तर आणण्यासाठी ते अकोल्याला गेले. उत्तर मिळाले, परंतु परतताना मूर्तिजापूरच्या फलाटावर त्यांना दुसरा प्रश्न सुचला. वर्गणी भरेपर्यंत काकूंनी गालात लवंग धरावी आणि एका बाजूने जेवावे, असे ठरले. वर्गणीत जे फुकट होणार, त्यासाठी आधीच वैद्य कशाला गाठायचा?

"अवो, तुमचं वाचनं होईस्तोवर माही दाढ म्हातारी होते," काकू म्हणत, आणि तरीही थांबत.

दिवाळीनंतर आम्ही तिघे अकोल्याला गेलो. वर्गणी भरली. मग वैद्यांनी नियमाप्रमाणे तोंड तपासले. "ही दाढ आधीचीच किडलेली आहे. ती वर्गणीत येत नाही," ते म्हणाले. "पावसाळ्याआधी आणली असती, तर भरून वाचली असती. आता काढावीच लागेल."

"म्हंजे जे दुखते थेच बाहेर?" घरमालक म्हणाले. त्यांनी सगळे विचारले होते. दुखणाऱ्या दाढेचे तेवढे राहिले होते.

"बाकीच्या दातायले तं धीर आला, त्यायची वर्गणी भरली," काकू गालावर हात ठेवून म्हणाल्या.

घरमालकांचे स्वतःचे दात अखेरपर्यंत शाबूत होते. पण दाढ काढली त्या दिवसापासून काकूंबरोबर जेवताना तेही भाकरी वरणात भिजवून खाऊ लागले. मी एकदा कारण विचारले. "वाट पाहून राहिलो, मास्तर," ते म्हणाले. "थे हळू जेवते."

आज दोघेही नाहीत. अशी वर्गणी आपण भरणार असाल, तर दुखणारा दात आधी दाखवा आणि नियम नंतर वाचा, असे मला वाटते. तरी माझ्या शब्दावर राहू नका. आपले आपण विचारून खात्री करून घ्यावी, ही विनंती.