वरच्या खोलीतली ऊब

बसमधली तिकिटं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कंडक्टरांनी त्यांना नाव ठेवलं होतं 'पाल'. कुठल्या थांब्यावर, कुठल्या दाराने आत येऊन चिकटतील याचा नेम नसे, आणि एकदा मनात शंका चुकचुकली की समोरचा सुटत नसे. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. झोपेचं सोंग घेणारा प्रवासी ओळखायचा कसा, तर तो तोंड मिटून झोपतो, असं ते जेवताना हमखास सांगत. निवृत्त झाले, पण नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाला असो की शेजारी, पालसाहेब प्रत्येकाकडे बिनतिकिटाच्या माणसाकडे पाहावं तसं पाहत. घरात फक्त बायकोला त्यांनी कधी तपासलं नव्हतं.

जावयाची कंपनी बंद पडली तेव्हा लेक-जावई त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायला आले. लेक हॉस्पिटलात नर्स, दिवसभर बाहेर. जावई घरी. महिनाभरात खोकी येऊ लागली. मागची खोली बंद झाली, काचांना आतून जाड कागद लागला, आणि छतातून एक घरघर सुरू झाली ती थांबेचना. ऐन थंडीत त्या खोलीची खिडकी सताड उघडी आणि वर पंखा चालू! विजेचं बिल पाहून तर पालसाहेबांचा चष्माच घसरला.

"जावईबापू, खोलीत काय चाललंय?"

"काही नाही बाबा, नाणी काढतो."

"नाणी?" पालसाहेबांच्या डोळ्यांसमोर बेड्याच उभ्या राहिल्या.

जावई हसला. "खरी नाहीत, कॉम्प्युटरमधली. गेम खेळायला ग्राफिक्स कार्ड बसवतात ना, तसली बरीच कार्डं जोडलीत. ती दिवसभर आकडेमोड करतात, त्याचं बक्षीस म्हणून नाणं मिळतं. हातात घेता येत नाही, पण विकता येतं."

"बक्षीस देतं कोण?"

"तसं कोणीच नाही. म्हणजे, सगळे मिळून."

पालसाहेबांचा अनुभव वेगळा होता. 'तिकीट कोणाकडे आहे?' या प्रश्नाला 'सगळ्यांचं मिळून आहे' असं उत्तर देणाऱ्या टोळक्याकडे आजवर एकदाही तिकीट निघालं नव्हतं.

त्यांनी पाळत ठेवली. आणि पाळत ठेवता ठेवता भलतंच हाती लागलं. दुपारी ते आडवे झाले की बायको चपला हातात घेऊन जिना चढायची. तासा-दोन तासांनी खाली यायची ती गाल लाल, कपाळाला घाम. विचारलं तर म्हणायची, "गच्चीवर कपडे वाळत घालत होते." कपडे तर सकाळीच वाळत पडलेले. जावयाने हिलाही यात ओढलं की काय?

दुसऱ्या दिवशी ते तोंड उघडं टाकून झोपले. ती वर गेली तसे हळूच मागून गेले आणि दार ढकललं.

आत गरम वाफेसारखी हवा. लोखंडी मांडणीवर काळी कार्डं ओळीने उभी, प्रत्येकाला इवलेसे पंखे. आणि समोर स्टुलावर बायको, हात पुढे करून शेकत बसलेली. मांडीवर एक झबलं, पुढेमागे होणाऱ्या नातवंडासाठी. संधिवाताने तिची बोटं आखडली त्याला वर्षं झाली होती. एके काळी शिवणकाम शिकवणारी ही बाई सुईला हात लावेनाशी झाली होती. आज ती काज करत होती.

"इथे बोटं सुटतात हो," ती म्हणाली. "जावयांनीच सांगितलं, बसत जा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आधी बोटांकडे पुरावा मागितला असतात."

पालसाहेब ओशाळले. पण ओशाळलेल्या अवस्थेतही नजर फिरलीच. सगळ्या वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात कोंबलेल्या. हात लावला तर चटका बसला. संध्याकाळी त्यांनी जावयाला गाठलं आणि बोर्ड बदलायला सांगितलं.

"बाबा, तुम्हाला कशातही खोटच दिसते," जावई म्हणाला. "बघतो उद्या."

त्याचा उद्या काही उगवला नाही. आठवडाभराने, दुपारी जावई बाहेर गेला असताना, पालसाहेबांना जिन्यात जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. ते धावले. खोलीत धूर, बोर्ड वितळून ओघळलेला, पडद्याचं टोक पेटलेलं, आणि उबेने डोळा लागलेली बायको स्टुलावरच कलंडलेली. त्यांनी तिला खांद्याला धरून बाहेर ओढलं, खाली जाऊन मेन स्विच पाडला, आणि वर येऊन ओल्या चादरीने पडदा विझवला.

जावई परतला तो दारातूनच ओरडला, "मेन कोणी बंद केला?" मग जिन्याच्या पायरीवर खोकत बसलेली सासू दिसली आणि तो तिच्यासाठी पाणी आणायला धावला.

पुढचे काही दिवस घरात धुसफूस चालली. लेकीने नवऱ्याला नको नको ते ऐकवलं. जावई मान खाली घालून ऐकत राहिला. वाचलेली कार्डं त्याने गेम खेळणाऱ्या पोरांना विकून टाकली आणि एका दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. मागची खोली थंड पडली, तशी बायकोची बोटंही पुन्हा आखडली. पालसाहेब रोज गरम पाण्याची पिशवी आणून देत. ती म्हणे, "चालेल." तिच्या त्या 'चालेल'मध्ये काहीतरी लपतंय अशी त्यांना शंका येई. ती शंका ते गिळत.

एका रात्री सगळे जेवायला बसले असताना तीच बोलली.

"जळका वास मला आधीच येत होता. दोन-तीन दिवस."

लेकीचा घास हातातच राहिला. "आई! मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर यांनी मशिनं बंद करायला लावली असती." तिने वाकडी बोटं ताटाच्या कडेला टेकवली. "झबलं अर्धं राहिलं होतं. वाटलं, तेवढं होऊ दे. उगाच एकट्या जावयांना बोल लावू नका."

पालसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. एवढी वर्षं हजारो चेहरे वाचले आणि शेजारच्या पाटावरचा राहिला. काहीतरी कडक बोलावं असं मनात आलं.

पण आधी जावईच बोलला. "आई, बोर्ड माझाच होता. बाबांनी सांगूनही मी बदलला नाही."

"ते खरंच आहे," पालसाहेब म्हणाले, आणि बायकोला घास नीट धरता येत नव्हता म्हणून त्यांनी भाकरी कुस्करून तिच्या ताटात ठेवली.